उसातला आजा

अमीर मुलाणी हा कन्हेरीचा माझा शेजारी. बारामती एमआयडीसीतून तीस वर्षं दुधाचा टँकर पळवला त्यानं. निवृत्त झाला, पण टँकरची खोड काही गेली नाही. लग्नाला निघाला तरी खिशात वही आणि वहीत किलोमीटर. कागदावर भक्ती अशी, की पाहुणा "जेवून आलोय" म्हणाला तरी हा विचारील, "पावती हाय का?"

त्याची फुफू, म्हणजे आत्या, सिताराबी. पंच्याऐंशीची. गेल्या वर्षी ती धरून बसली, "अमीर, डोळं मिटायच्या आत बापाच्या कबरीशी एकदा उभी कर मला." बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची. इंदापूरकडच्या लासुर्ण्यात गेला, एवढंच ठाऊक. पण तिथल्या कबरस्तानात त्याचा माग लागेना.

दुसऱ्यानं हात टेकले असते. अमीर इंदापूरच्या तहसील कचेरीत गेला. सोबत मी, कारण तिथला चहा एकट्यानं पिण्यासारखा नसतो. रेकॉर्ड रूमबाहेर जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची ही एवढी रांग! आमचा नंबर आला. क्लार्कनं अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. 'माहिती कशासाठी हवी' ह्या रकान्यात अमीरनं लिहिलं होतं, 'आजोबांना भेटणे.'

"अवो मुलाणी, आजोबा वारल्यात ना?"

"व्हय. म्हणून तर पत्ता मागतोय."

क्लार्कनं आणखी चार खेपा घालायला लावल्या. पाचव्या खेपेला गावचं जुनं मयत रजिस्टर निघालं, तेही मोडीतलं. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी बोट ठेवून वाचलं, 'बाबू मुलाणी, वय चाळीस, हिवताप. ओढ्यास पूर, सबब अलीकडील रानात पुरले.' पुढं सर्व्हे नंबर. त्यावरून तलाठ्यानं आजचा गट नंबर काढून दिला. सातबाऱ्यावर पोटखराब्यात, म्हणजे लागवडीबाहेरच्या जमिनीत, एक गुंठा, 'कबर'.

अमीर असा हरखला, की जणू गुंठा त्याच्याच नावावर झाला.

"बघ तात्या, सरकार माणसाला इसरत न्हाय!"

"व्हय," मी म्हटलं, "फकस्त जित्तेपणी वळखत न्हाय."

ते रान विजयसिंह नावाच्या बागायतदाराचं. ऊस नुकताच कारखान्याला गेलेला. फुफूला रिक्षात घालून आम्ही पोचलो, तर मोकळ्या रानाच्या मधोमध नांगर न लागलेला एक उंचवटा. त्यावर हिरवी चादर, उदबत्त्यांची राख, नारळाच्या करवंट्या. विजयसिंहांची आई लीलाबाई तिथंच उभ्या होत्या.

"लई कडक पीर हाय," त्या कौतुकानं सांगू लागल्या. "माजी बसल्याली म्हस दोनदा उठवली ह्यानं. सासूबाईंपास्नं चालत आलंय. उसाची पैली मोळी ह्याला दावल्याबिगर आमी गाडी भरत न्हाय."

अमीर माझ्या कानाशी आला. "तात्या, गप ऱ्हा. म्हातारी रुसली आन् रानातनं वाट बंद केली, तर फुफू कुठनं येणार?"

मी मान हलवली. पण फुफूला कोण सांगणार? तिनं हात पसरले, दुआ मागितली. मग पदरानं डोळे पुसून वळली.

"पीर? आगं बाई, ह्यो माजा बाप हाय. बाबू मुलाणी!"

लीलाबाईंचा चेहरा उतरला. अमीरनं घाईघाईनं पिशवीतून सातबारा काढला. अडचणीत त्याला दुसरं काही सुचतच नाही. लीलाबाईंनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मग माजी म्हस कुणी उठवली?"

फुफूला प्रश्न पटला.

"आई सांगायची, ह्यो पाणी प्यायलाबी बाजंवरनं उठायचा न्हाय. शेळी सुटली तर शेजाऱ्याला हाक मारायचा." मग कबरीकडं वळून पाहत म्हणाली, "मेल्यावर कामाला लागला आसंल, तर लागू दे की! तू नारळ चालू ठिव."

लीलाबाई आधी पदराआड हसल्या, मग पदर सोडून हसल्या. तिथूनच त्यांनी बांधावरच्या लेकाला हाक दिली, "आरं विजय, औंदा उसाची लागण करताना हितनं रस्त्यापातूर दोन सऱ्या मोकळ्या सोड. पिराची लेक येत जाईल."

परत निघताना अमीरनं वही काढली. 'कन्हेरी ते आजोबा' असं लिहिलं आणि पुढं किलोमीटर टाकले.