शिंग वाजेपर्यंत

आमचे हे मरायला फार चांगले होते. बेल्हे, निमगाव, लोणी या सगळ्या पट्ट्यात त्यांच्याइतकं सुरेख कोणी मरत नाही, असं त्यांचे दोस्तच सांगायचे. दोराच्या शिडीवरून वर चढताना यांना भाला लागायचा, हात सुटायचे, आणि हे खालच्या कडब्यावर असे पडायचे की बघणाऱ्या बायकांचा पदर तोंडाशी जायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तर मी किंचाळलेच. पुढे वर्षभर गावाने माझी टर उडवली.

या वेडाचं मूळ म्हणजे जुन्नरचे एक ड्रॉइंगमास्तर. शाळेतून मोकळे झालेले, घरात करमत नसलेले. महाराजांच्या माणसांनी एका रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नरच्या पेठेत उड्या टाकल्या आणि खजिना, घोडे घेऊन गेले, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांनी ठरवलं की ती नुसती सांगायची नाही, करून बघायची, आणि तेव्हा झाली असेल तशीच करायची. आमच्या गावाबाहेर एका पडक्या गढीची एकच भिंत धड होती. दरसाल वैशाखात, जयंतीच्या दिवशी दुपार कलली की तिथे लढाई व्हायची. स्वराज्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती आणि आमची माणसं भिंतीवर चढत होती.

लढाई एक दिवसाची, पण तयारीला वर्ष पुरत नसे. बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेलेले हे बैलाऐवजी ढालीला चामडं घेऊन यायचे. मास्तरांचे नियमही असे की सासू परवडली. पुठ्ठ्याची तलवार चालायची नाही, मनगटावर घड्याळ नको, टायरच्या वहाणा नकोत, बिडी ओढायची तर चकमक झाडून ओढा. बटण तर मास्तरांचा जन्माचा वैरी. सगळ्यांत कडक नियम मेलेल्यांना होता. शिंग वाजेपर्यंत पडलेल्याने उठायचं नाही, बोलायचं नाही, मुंगी चावली तरी डोळा उघडायचा नाही. शिंग जुन्नरच्या एका कल्हईवाल्या चाचांच्या हाती असे. जन्मभर भाता मारून आपला दम वाढलाय, असं ते सांगत, आणि शिंगाचा आवाज ऐकला की खरं वाटे.

सासूबाई मात्र ही लढाई बघायला कधीच आल्या नाहीत. त्याला कारण माझे थोरले दीर.

त्यांना मी पाहिलेलं नाही. मी या घरात आले त्याच्या कितीतरी आधी ते पलटणीत भरती झाले, इंग्रजांच्या मोठ्या लढाईत बोटीतून पूर्वेकडे गेले आणि तिकडच्या कुठल्याशा जंगलातून तार आली की सापडत नाहीत. एवढंच. मेले असं कोणी कळवलं नाही. सासूबाईंनी तेवढ्यावर घर उभं ठेवलं होतं. "सापडत न्हाई म्हंजे हाये कुठंतरी," असं त्या म्हणत. "नसलेलं मानूस कोन हुडकतं?"

त्यामुळे माझ्या जाऊबाई सवाष्णच राहिल्या. नवऱ्याबरोबर त्यांचा संसार पुरता वर्षभरही झाला नव्हता. रोज सकाळी सासूबाई आधी त्यांच्या कपाळाकडे बघत आणि मग दिवसाचं काम सांगत. आमच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं घर होतं, त्यात कमीपणा नाही. लोणीहून जाऊबाईंचा भाऊ दरवर्षी यायचा आणि सासूबाईंकडून एकच उत्तर घेऊन जायचा, "नवरा जिता असताना पाट लावतोस व्हय रं?" बारा वर्षं पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करून जाळतात आणि माणूस गेला असं धरतात. बारा वर्षं झाली तेव्हा भावकीतल्या जाणत्यांनी तेही सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यातली लढाईची सालं धरायची न्हाईत." जाणते चहा पिऊन उठले.

त्या वर्षी भाऊ आला तो निर्वाणीचं सांगायला. लोणीतच एक बिजवर होता, चांगला, जमिनीचा, पण तो आता थांबणार नव्हता. "औंदा न्हाई तर मग न्हाई," असं भावाने माझ्यासमोरच जाऊबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कांदे निवडताना जाऊबाई मला म्हणाल्या, "धाकटे, मला हितं काय कमी न्हाई. आत्याबाई लेकीवानी बगत्यात. पन मी सवाशीन हाय का रांडमुंड, येवढं तरी मला कुनी सांगावं." मी कांद्याच्या निमित्ताने डोळे पुसले. मला त्यांची फार माया होती. त्या घरात मला हसवणारं माणूस त्याच होत्या.

आणि मग बटणाचं निघालं. यांनी जुन्नरच्या शिंप्याकडून नवी बंडी शिवून आणली होती. मास्तरांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. मशीनची शिवण, वर चार बटणं. हे तोंड फुगवून बसले. दहा वर्षांचं पोरही इतकं फुगत नाही. जयंती तोंडावर आलेली. तेवढ्यात जाऊबाई आत गेल्या आणि ट्रंकेतून थोरल्या दिरांच्या लग्नातला अंगरखा घेऊन आल्या. जुन्या पद्धतीचा, हाताने शिवलेला, छातीवर बंद. सासूबाई वर्षातून एकदा तो उन्हात घालून कडुनिंबाच्या पाल्यात परत ठेवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"आक्का, आत्याबाई बघतील," मी म्हटलं.

"बगू दे."

"म्हंजे लढाईत? त्या कुठं बघाया येत्यात?"

"औंदा येतील," जाऊबाई म्हणाल्या. "मी आननार हाय त्यानला."

मला ते बरं वाटलं नाही. बेपत्ता माणसाचा अंगरखा माझ्या नवऱ्याने घालायचा आणि तो घालून मरून पडायचं. उसवलेली बाही शिवताना सुई दोनदा बोटात गेली. यांना सांगितलं तर म्हणाले, "दादाचा अंगरखा हाये, काय वाघ हाये व्हय?" पण घडी घालताना त्यांनी तो लहान मुलाला उचलावं तसा उचलला, ते मी पाहिलं.

सासूबाईंना आणायला जाऊबाईंनी फारसं काही केलं नाही. त्या दिवशी लुगडं बदलून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, मी लढाई बगाया चालले. तुमी न्हाई आला तर एकलीच जाईन." थोरली सून एकटी गर्दीत जाणार हे सासूबाईंना कसं चालावं? त्या तिला राखायला म्हणून निघाल्या.

गढीसमोर आम्ही तिघी घोंगडीवर बसलो. ढोल सुरू झाला, भिंतीवर पहारेकरी दिसले, खालून शिड्या लागल्या. सासूबाई आधी माणसं ओळखत होत्या, अमक्याचा नातू बघ कसा माकडासारखा चढतोय म्हणून हसल्यासुद्धा. मग हे शिडीवर आले. अंगरख्याचे बंद वाऱ्यावर उडत होते. सासूबाई पुढे झुकल्या. वरून भाला आला, यांचे हात सुटले आणि हे पडले. त्या वर्षी नेहमीपेक्षाही चांगले पडले.

सासूबाई उठल्या. कुणाला काही कळायच्या आत त्या लढणाऱ्यांच्या मधून चालत गेल्या. माणसांनी तलवारी मागे घेतल्या आणि वाट दिली. त्यांनी यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला सुरुवात केली.

आमच्याकडे बाई नुसती रडत नाही, गेलेल्याचं सगळं सांगत रडते. सासूबाईंनी सांगितलं ते सगळं थोरल्याचं होतं. दुष्काळात जन्मला आणि तरी बाळसेदार होता. बांधावरचा आंबा त्याने लावला आणि त्याचं फळ खाल्लं नाही. पलटणीत जायच्या दिवशी गाडी थांबली म्हणून भाकरी अर्धी टाकून उठला, ती अर्धी भाकरी कुणाला देऊ रे माझ्या राजा. ढोल केव्हाच थांबला होता. मी धावत गेले आणि यांच्या पायाशी बसले. हे जिवंत आहेत हे मला ठाऊक होतं, छाती वरखाली होताना दिसत होती, तरी मी पाय चाचपून बघितले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सर, धाकले," त्या म्हणाल्या. "ह्यो तुझा न्हाई. थोरलीचा हाये. तिला बोलीव."

मला इतका आनंद झाला की त्याची आजही लाज वाटते.

जाऊबाई आल्या. हे सगळं त्यांनीच घडवून आणलं होतं, आता सुटले असं त्यांना वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पण त्या मटकन खाली बसल्या आणि अंगरख्याची बाही मुठीत धरून ओरडून रडल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. सासूबाईंनी स्वतःच्या पदराने त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. हळू पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसतात तसं.

हे डोळे मिटून पडलेले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत होतं. मास्तरांनी चाचांना खूण केली की वाजवा शिंग, संपवा. चाचांनी शिंग ओठाजवळ नेलं होतं, पण मान हलवली आणि वाजवलं नाही. भिंतीवरच्या पहारेकऱ्यांनी पागोटी काढून हातात घेतली. खालच्यांनीही घेतली. शेवटी सासूबाईंचा आवाज बसला आणि त्या स्वतःच चाचांकडे वळून म्हणाल्या, "वाजीव भाऊ आता."

शिंग वाजलं. हे उठून बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, जणू आत्ताच आले असावेत. "तू हाईस व्हय," त्या म्हणाल्या. "चल घरी. भुका लागल्या असतील."

दुसऱ्या दिवशी अक्षय्यतृतीया. त्या दिवशी आम्ही गेलेल्यांच्या नावाने पाण्याचा करा भरून ठेवतो. आमच्या घरी तो सासऱ्यांच्या नावाने एकच भरत असत. सासूबाईंनी दुसरा मागितला आणि जाऊबाईंनी तो भरला. पुढे नदीवर दर्भाचा पुतळा जाळला, त्याच्यावर तो अंगरखा घातला. पावसाळ्याआधी लोणीचा भाऊ गाडी घेऊन आला. पाटाची बाई वाजतगाजत जात नाही आणि पहिल्या सासरी परतही येत नाही. जाऊबाई वेशीपर्यंत मागे बघत गेल्या आणि मी दारात उभी राहिले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नंतर थोरलीचं नाव काढलं नाही. आता त्या सकाळी उठून माझ्या कपाळाकडे बघायला लागल्या.

मग एकदा हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दर साली मी मरत व्हतो. आय कदी आली न्हाई. आली ती बी दादासाठी." मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि त्यांनी ती परत केली.

पुढच्या वर्षी यांनी मास्तरांना सांगून टाकलं की मरायचं काम आता दुसऱ्याला द्या. यांना भिंतीवर पहाऱ्याला उभं केलं. तिथे हे अगदीच सुमार होते, भाला कुठे धरावा ते कळेना. मरायला बेल्ह्याचा एक तरणा गडी आला होता. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, तरी त्या आल्या. मला धास्ती वाटत होती, मी त्यांचा हात धरून बसले.

तो बेल्ह्याचा गडी पडला, आणि पाय खाली मुडपून वाईट पडला. सासूबाईंनी विचारलं, "ह्याची आय कुठं हाये?"

"बेल्ह्याला असंल, आत्याबाई."

त्यांनी माझा हात सोडवून घेतला, उठल्या आणि त्याच्यापाशी जाऊन बसल्या. त्याचा पाय सरळ केला आणि कपाळावर हात ठेवला. गड्याने घाबरून एक डोळा उघडला. "झाक डोळा," त्या म्हणाल्या. "शिंग वाजूस्तवर मी हाये हितं."

हे भिंतीवरून उतरून धावत आले. "आये, ऊठ. खेळ हाये ह्यो."

"म्हाईती हाये मला," सासूबाई म्हणाल्या. "पन तिकडं रानात थोरल्यापाशी कुनी बसलं व्हतं का न्हाई, ते कुनाला म्हाईती हाये?"

यांनी भाला खाली ठेवला आणि त्या गड्याच्या दुसऱ्या बाजूला बसले.