चहा मोजणीनंतर

तुमच्या आजोबांची थोरली बहीण, आमची अक्का, विकाऊ घर पाहायला गेली की तिथे चहा घेत नसे. "चहा घेतला की माणूस भिडेला पडतो," ती म्हणायची. "मग खोट दिसली तरी जीभ उचलत नाही." घरात शिरण्याआधी ती पदर खोचून बाहेरून पूर्ण फेरी मारायची, घरमालक मागे धावत असला तरी.

काही वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांना जिने झेपेनात, म्हणून आम्ही मुलुंडला एक छोटं बैठं घर पाहिलं. मागच्या बाजूला भरपूर उजेडाचं स्वयंपाकघर होतं. मी मनात डबेसुद्धा लावून टाकले. घर विकणारे मोहनराव आजोबांच्याच गावचे, मालवणकडचे. गावच्या माणसाकडे पुरावे मागायचे नसतात, ही आपल्याकडची रीत. दसऱ्याला त्यांच्याच घरी खरेदीच्या कागदांवर सह्या करायचं ठरलं.

त्या दिवशी अक्का आली, मागे गेली, स्वयंपाकघराची भिंत थेट नाल्याला टेकलेली पाहिली आणि परत आली.

"मोहन, जागेची सरकारी मोजणी केली आहेस?"

"अक्का, वडिलांपासून राहतोय आम्ही इथे. एका गावचे आपण. माझ्यावर विश्वास नाही?"

अक्का चिडली की मालवणीत शिरायची. "तुझ्यावर आसा रे. भिंतीवर नाय."

आजोबा तापले. "अक्का, तू माझी लाज काढतेस."

"काढतंय. बस गप." तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

सहीनंतर वाटायला आणलेले पेढे तसेच राहिले. आजोबांनी तिच्याशी अबोला धरला. मोजणीचा अर्ज मालकालाच करावा लागतो, म्हणून ती रोज मोहनरावांना फोन करून एकच विचारायची, "अर्ज केलास?"

शेवटी कंटाळून त्यांनी केला. भूमापक आला आणि कागदावरची हद्द त्याने लाल खुणा करून जमिनीवर दाखवली. एक खूण स्वयंपाकघराच्या आत, ओट्याच्या अलीकडे पडली. ओटा, खिडकी, माझे मनातले डबे, सगळं हद्दीबाहेर. मोहनराव मटकन खाली बसले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. वडिलांनी भिंत कधी पुढे सरकवली कोण जाणे.

"आता गं?" आजोबांनी अबोला सोडून अक्काला विचारलं.

"आता खुणेच्या आतलं घर घे, तेवढ्याच जागेचे पैसे देऊन. बाहेरचं मोहनने पाडायचं, तुझ्या सहीच्या आधी." मग मोहनरावांकडे वळून म्हणाली, "उठ रे. आता चाय ठेव."

तेच घर आम्ही घेतलं. माझं स्वयंपाकघर अरुंद आहे. पण पुढे नाला रुंद करायला यंत्रं आली आणि शेजाऱ्यांच्या हद्दीबाहेर बांधलेल्या मागच्या खोल्या पाडल्या गेल्या, तेव्हा मी माझ्या नव्या ओट्याशी शांतपणे भाजी चिरत होते.

अक्का गेल्या वर्षी गेली. अर्णव, परवा तू फोनवर म्हणालास, तिकडे परदेशात तू घेतोयस त्या घराची मोजणी करायला एजंट नको म्हणतो. वेळ जाईल, घर दुसरा कोणी नेईल, शिवाय तो आपल्याच मराठी मंडळातला आहे. नेऊ दे दुसऱ्याला. त्या एजंटला सांग, आमच्या घरात मोजणी झाल्याशिवाय चहा घेत नाहीत.