कौंडण्यपूरच्या घाटावरचा ॐ

डिसेंबरात अचलपूरहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, याइले कोठीतरी घेऊन जा. घरात बसून बसून भिंतीसारखे होऊन राहिले."

'याइले' म्हणजे यांना, माझ्या मित्राला, गुणवंताला. त्यांच्या आळीतलं गुरुवारचं भजन वर्षानुवर्षं त्याच्याच ॐकारानं सुरू व्हायचं. वर्षापूर्वी खर्ऱ्यापायी त्याची जीभ काढावी लागली. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात धरायचा, तो खर्रा. तेव्हापासून गुणवंत उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. मला मात्र दुसरंच काही टोचत होतं. तरुणपणी परतवाड्याच्या एका वर्कशॉपात आम्ही बरोबर काम करायचो, तेव्हा पहिला खर्रा त्याच्या तळहातावर मीच ठेवला होता. माझा पुढं सुटला, त्याचा नाही. हे एकदा त्याच्या तोंडावर बोलायचं होतं.

अकोल्यातल्या माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरी पुन्हा बांधायच्या, दुकानाला दोन दिवसांचं कुलूप घातलं आणि सकाळची एसटी धरली. अकोल्याहून जाणाऱ्यांनी दर्यापूर-अंजनगावचा रस्ता घ्यावा. धक्के बसतात, पण दोन्ही अंगाला काळी जमीन, फुटलेला कापूस आणि पुढं पुढं संत्र्याचे बगीचे. पासष्टी उलटलेल्यांना अर्धं तिकीट, आधार कार्ड विसरू नका. खिडकीशी डोळा लागला. इंजिनाची घरघर झोपेतही कानात चालूच होती. मी सातवी शिकलेला माणूस, जे काय आलं ते कान लावून आलं. मोटर बरी की आजारी, हे मला तिच्या गुणगुणण्यावरून कळतं.

गुणवंत ओसरीवर बसला होता. तोंडावर दुपट्टा, मांडीवर पाटी. खडूनं पाटीवर दोन टकटक म्हणजे हो, एक म्हणजे नाही, असा त्यांच्या घरचा कायदा.

"कौंडण्यपूरले जाऊ," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं, 'लोक?'

"लोक असतीन. रुक्मिणीचं माहेर आहे ते, रिकामं कसं राहीन?"

वहिनी आतून म्हणाल्या, "तुमी नाही गेले तं मी एकटीच जातो भाऊजीसंग. मंग बसा पाटी कुटत."

टक. टक.

दुसऱ्या दिवशी तिघं पहाटेच निघालो. अमरावतीला उतरून गिला वडा खाल्ला. दह्यात भिजून इतका मऊ असतो की दात नसले तरी चालतं. गुणवंत दुकानात बसेना, म्हणून पार्सल घेऊन स्टँडच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून त्यानं खाल्लं. आम्ही दोघं त्याच्या आडोशाला उभे राहिलो. तिथून कुऱ्हा गावावरून कौंडण्यपूर. गाड्या कमी आहेत. परतीची गाडी कधी, ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

देवळाच्या पायऱ्यांशी एक म्हातारी हार विकत होती. तिनं गुणवंतालाच गाठलं. "बावा, कावून बोलून नाही राहिले? रुसले काय?"

वहिनी म्हणाल्या, "जीभ नाही बाई त्याइले."

म्हातारीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "अंदरच्या देवाले तरी कुठं आहे? बोलते काय तो कोणासंग? घ्या, बीस रुपये."

दुपट्ट्याआड गुणवंताचे खांदे हलले. वर्षानं हसला, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

दर्शन झाल्यावर घाटावर बसलो. वर्धा नदीचं पाणी जागचं हलत नव्हतं, ऊन त्यावर पेंगत होतं. पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटत होतं. आपटणं आधी दिसायचं, आवाज मागून यायचा. वहिनी डबा सोडायला लागल्या, तेव्हा मी बोलून टाकलं.

"गुणवंता, पयला खर्रा मी दिला होता तुले."

त्यानं शांतपणे लिहिलं, 'मालूम आहे. एक तू दिला. बाकीचे मी घेतले.' मग हातानंच पाटी पुसली.

मला वाटलं, झालं. पण त्यानं दुपट्टा सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि तोंड उघडलं.

आधी नुसता श्वास. मग घशाच्या तळातून अ. ओठ गोल झाले, उ. ओठ मिटले, म. घोगरा, कापरा, पण चांगल्या मोटरसारखा एकसंध. वहिनींच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं.

पूर्वी भजनात तो सांगायचा, अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप, आणि आवाज संपल्यावर जे उरतं ते खरं. मी मान डोलवायचो, ध्यान सगळं चहाकडं. दुसऱ्या वेळी मी त्याच्यासोबत म्हटलं आणि चमकलो. माझी जीभ तोंडात नुसती पडून होती. कामच नव्हतं तिला. घसा आणि ओठ, बस. इतकी वर्षं म्हणत आलो, कधी ध्यानातच आलं नाही.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

त्यानं लिहिलं, 'घरी कोणी नसलं का म्हणून पाहत होतो. लाज वाटे.'

तिसरा ॐ सुरू झाला, तसा मागून कोणी तरी त्यात सूर मिळवला. हारवाली होती, टोपली डोक्यावर घेऊन घराकडं निघालेली. म थांबला. नंतरच्या शांततेत कपड्यांचा आवाज पाण्यावरून आला आणि विरला. मग आम्ही मऊ खिचडी खाल्ली. येणारे-जाणारे पाहत होते. दुपट्टा मांडीवरच होता.

अमरावतीहून ते दोघं अचलपूरकडं गेले, मी अकोल्याला आलो. खर्च म्हणाल तर तिकिटं, वडे आणि एक हार. चूक माझी होती ती आहेच, गुणवंतानं ती आपल्या वाट्यापुरती कापून घेतली इतकंच. मोटर बांधून झाली की चालू करतो, ऐकतो, मग बंद करतो. आताशा बंद केल्यावरही थोडं ऐकत बसतो.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्या बोलल्या नाहीत, फोन नुसता धरून होत्या. टाळ सारखे केल्याचा आवाज, कोणाचं तरी खोकणं. मग सगळं थांबलं आणि गुणवंताचा ॐ सुरू झाला.

संपल्यावर मी म्हणालो, "ऐकू आलं रे."

तिकडून पाटीवर खडू वाजला. टक. टक.