सावंतकाकूंचे बँकेतले नाव

मित्रहो, आज सकाळी शेजारच्या सावंतकाकूंसोबत मुलुंडमधील त्यांच्या बँकेत गेलो होतो. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाने मस्कतहून प्रथमच थेट त्यांच्या खात्यात पैसे पाठवले होते. उद्या रुग्णालयात भरायची ती रक्कम बँकेने अडवून ठेवली होती.

अधिकाऱ्यांनी कारण सांगितले. पैसे सुनंदा सावंत यांच्या नावे आले होते आणि खाते कुसुम सावंत यांचे होते.

लग्नात काकूंचे नाव बदलले. कागदपत्रांत मात्र फक्त आडनाव बदलले, नाव माहेरचेच राहिले.

मुलाला स्पीकरवर फोन लावला.

"आई, तुझं नाव कुसुम आहे? कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? त्या नावाने हाक मारणारा माझा भाऊपण गेला रे."

तो म्हणाला, "बरं कुसुमताई, नाव दुरुस्त करून पाठवतो."

"गप मेल्या," काकू म्हणाल्या. आणि जरा थांबून, "परत म्हण बघू."

संध्याकाळी रक्कम जमा झाली. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव तपासून घ्यावे, हे मी सांगेनच. पण आईचे लग्नाआधीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?