बळीरामच्या प्लगमधली घूं

आमच्या चौघांत नुसतं कोणी 'प्लग' म्हटलं तरी हसायला सुरुवात होते आणि बाहेरच्या माणसाला वाटतं, यांचंच काहीतरी शॉर्ट झालंय. हे किस्से आम्ही मुद्दाम जमवलेले नाहीत. गोदामात माल साठतो तसे ते साठत गेले. आता उचलायला कोणी येत नाही, तर निदान तुम्ही ऐका.

चौघं म्हणजे शेलार गावचा बळीराम, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे कोलते सर, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटारी दुरुस्त करणारे मुश्ताकभाई आणि मेडिकलवाला मी. सगळ्यांना जुन्या गाण्यांचं वेड. बळीरामने त्यासाठी घरामागची खोली सजवली. शेजारच्या लूमची खटखट आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या, दाराला रबर लावलं. खटखट थांबली. पण ॲम्प्लिफायर चालू केला की स्पीकरमधून घूं! लूम आणि बळीराम एकाच ट्रान्सफॉर्मरवर, त्यामुळे भिंतीत अडवलेला लूम प्लगमधून आत यायचा. वहिनींनी आमचं नाव ठेवलं 'घूं मंडळ'.

*

कोलते सर या आवाजाला शास्त्रशुद्ध इंग्रजीत 'हम' म्हणायचे. त्यांचं ऐकून बळीरामने मुश्ताकभाईंना फोन लावला, "भाई, हम आ रहा है, बहुत जोर से."

झालं. हा इकडे मुश्ताकभाईंची वाट बघतोय आणि ते तिकडे घरी बिर्याणी टाकून याची वाट बघतायत. संध्याकाळी त्यांचा फोन आला की अजून निघाला नाहीत का. बळीराम वैतागून म्हणाला, "मैं नहीं, हम आ रहा है!"

"हां तो सब आओ ना," मुश्ताकभाई म्हणाले.

आम्ही तिघंही गेलो. बिर्याणी फर्मास होती. घूं तशीच राहिली.

*

मग सरांनी चौकशी समिती नेमली, म्हणजे स्वतःलाच. घरातली एकेक वस्तू बंद करायची आणि कोणामुळे घूं वाढते ते शोधायचं. पंख्याचा रेग्युलेटर निर्दोष सुटला, ट्यूबलाईट सुटली, फ्रीज बंद केल्यावर मात्र आवाज जरा कमी झाल्यासारखा वाटला. त्या आनंदात आम्ही गाणी ऐकली आणि घरी गेलो. फ्रीज बंदच!

वहिनींचं माहेर कशेळीचं, खाडीवरचं. त्यांच्या भावाने आणून दिलेली कोळंबी फ्रीजमध्ये होती. दुसऱ्या दिवशी आम्ही जमल्यावर वहिनी पातेलं घेऊन आल्या आणि सरांच्या नाकाखाली झाकण उघडून म्हणाल्या, "सर, यातनं काय आवाज येतोय का बघा."

त्याच दिवशी वहिनींनी पैज लावली. दिवाळीपर्यंत घूं गेली नाही तर स्पीकर माळ्यावर जाणार आणि खोलीत वहिनींचं शिलाई मशीन येणार. गेली तर खोली कायमची बळीरामची. परीक्षक अर्थातच वहिनी. बळीरामचा चेहरा असा पडला की मला त्या कोळंबीपेक्षा त्याचीच कीव आली.

*

सरांनी हॉस्पिटलच्या मशीनला लावतात तसला भारी सॉकेट मागवला. बळीरामने गल्लीत फुशारकी मारली की यातून एकदम स्वच्छ लाईट येते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी मोबाईल घेऊन दारात. त्यांच्याकडची लाईट मळकट हाय म्हणे, बॅटरी टिकतच न्हाय! आठवडाभरात गल्लीतले निम्मे चार्जर तिथे लटकले आणि घूंच्या जोडीला चीं सुरू झाली.

*

मुश्ताकभाई म्हणाले, अर्थिंग वेगळी पाहिजे. अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी घातली, मीठ-कोळसा भरला. रोज पाणी घालायचं, खड्डा कोरडा पडता कामा नये, अशी सक्त ताकीद. बळीराम सकाळी आंघोळ करून ओलेत्याने तांब्याभर पाणी ओतायचा.

त्याच्या आईने ते बघितलं आणि तिथे फूल ठेवलं. मग हळद-कुंकू आलं. शेजारणीने विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "माझा बल्या उगाच पानी घालायचा न्हाय. कायतरी हाय तिथं."

गल्लीतल्या बायका कळशी घेऊन यायला लागल्या. बळीराम खरं सांगायला निघाला तर सरांनी त्याला हाताला धरून बसवलं, कारण घूं अर्ध्यावर आली होती.

*

राहिलेल्या अर्ध्या घूंसाठी सरांनी एक जड ट्रान्सफॉर्मर आणला. पडदे ओढले, पंखा बंद, व्हॉल्युम फुल, गाणं लावलेलं नाही. बटण दाबून आम्ही डोळे मिटले. आवाज शून्य! सर हळूच म्हणाले, "याला म्हणतात शांतता." मुश्ताकभाईंनी तर रुमाल काढला. बळीराम सरांच्या पाया पडायला वाकला, तेवढ्यात दार उघडून वहिनी आत डोकावल्या.

"लाईट कधी गेली हो? मिक्सर चालत नाहीये."

*

दिवाळीच्या तोंडावर मुश्ताकभाईंनी मीटरपासून थेट खोलीपर्यंत वेगळी लाईन ओढली. लाईट आहे ना, हे आम्ही चौघांनी चार वेळा बघितलं. मग वहिनींना बोलावलं. पदराला हात पुसत त्या आल्या, स्पीकरला कान लावला, सोफ्यावर बसल्या. घूं नाही, चीं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून लूमची खटखट ऐकणारी बाई. नीट ऐकावं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

बळीराम हातात रेकॉर्ड धरून निकालाची वाट बघत उभा. बराच वेळ गेला. मग मान कलली आणि वहिनी चक्क घोरायला लागल्या.

"फैसला हो गया?" मुश्ताकभाईंनी कुजबुजत विचारलं.

शिलाई मशीन काही त्या खोलीत गेलं नाही. पैज बळीरामनेच जिंकली. परवा दुपारी गेलो तर खोलीचं दार आतून बंद, आणि हा पठ्ठ्या ओटीवर, लूमच्या खटखटीत, मोबाईल कानाला लावून गाणं ऐकत बसलेला. मी काही विचारणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून म्हातारी ओरडली.

"बल्या, त्यो आवाज बारीक कर. सून निजलीय!"