ओहोटीतली अटक

अमेरिकेत मी एका आजीबाईंना अटक केली. मला तसा अधिकार नव्हता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, मुलूख परका होता आणि अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता. हा प्रकार मी विसरायला तयार आहे, पण घरात साक्षीदार आहे. ती विसरू देत नाही.

२००६ चा उन्हाळा. मुलगी आणि जावई रेडमंडला, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. जावयाच्या ऑफिसातल्या मित्रानं शनिवार-रविवारपुरतं समुद्राकाठचं आपलं घर आम्हाला दिलं होतं. तिथे किनारासुद्धा खासगी असतो, थेट ओहोटीच्या रेघेपर्यंत घरमालकाचा, हे ऐकून मी चाट पडलो. "म्हणजे इथे कुणी उपरा शिरला की ट्रेसपास," मी म्हणालो. जावई नुसता हसला. बंदोबस्त आपल्याकडे आला, असं मी धरून चाललो.

सकाळी खबर मिळाली. खबरी म्हणजे आमची ही. खिडकीतून म्हणाली, "अहो, बघा, खाली दोघी जणी तिसऱ्या काढतायत!" ती अलिबागकडची, तिचा जीव त्या शिंपल्यांत अडकला. मी मात्र सरळ दंड विधानात शिरलो.

खाली सत्तरी ओलांडलेली एक बाई आणि तिची भाची वाळूत खणत होत्या. "पोलीस!" मी ओरडलो. हे खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. दोन बादल्या होत्या, तळ जेमतेम झाकलेले. त्या मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतल्या आणि दोघींना तिथल्या ओंडक्यावर बसवलं. भाची उठून खड्डे बुजवायला लागली, तेव्हा माझी खात्रीच पटली. पुरावा नष्ट करणं, कलम दोनशे एक.

चौकशी सुरू केली. "हे घर कोणाचं आहे, माहीत आहे?"

"घर असेल कोणाचंही. तिसऱ्या आमच्या," आजीबाई म्हणाल्या. त्या तिथल्या मूळच्या जमातीतल्या.

"परवाना?"

"आमच्या पूर्वजांनी हा सगळा मुलूख तुमच्या सरकारला दिला, तेव्हा नेहमीच्या जागी मासे धरायचा, शिंपले काढायचा हक्क स्वतःकडे ठेवला. तसा तह आहे. कोर्टानंही तो मानलाय."

"माझं सरकार दिल्लीला असतं."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

त्या बोलत माझ्याशी होत्या, पण नजर सारखी माझ्या पाठीमागे. नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी कित्येक नव्या फौजदारांना शिकवलेलं. मी आवाज चढवला. "इकडे बघा! तिकडे काय आहे?"

"पाणी," त्या म्हणाल्या. "चढायला लागलंय."

मग भाचीनं सांगितलं. आजीबाईंच्या भावाला जाऊन वर्ष झालं होतं. उद्या त्याच्या नावाचं जेवण. तो आयुष्यभर याच वाळूत खणत आला, त्यामुळे पानात इथल्याच तिसऱ्या हव्यात, विकतच्या नाहीत. भरती आली की संपलं.

तेवढ्यात जावई धावत आला, चपला हातात, चेहरा पांढराफटक. "बाबा, कुणाला हात लावलात का? प्लीज, नाही म्हणा! आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे!" त्यानं तिथूनच मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, "हो, येणार असल्याचं त्यांनी कळवलं होतं, मीच तुला सांगायला विसरलो." फोन ठेवून जावयानं माझ्याकडे असं पाहिलं, की असं बघताना मी आजवर फक्त आरोपींचे नातेवाईक पाहिले होते.

आणि गाडी आली. जमातीचे स्वतःचे पोलीस असतात, हे मला तेव्हा कळलं. भाचीनं मघाशीच फोन केला होता. अधिकारी उंचापुरा, शांत. त्यानं मला त्याच ओंडक्यावर बसवलं.

"या बादल्या कोणाच्या?"

"यांच्या."

"मग तुमच्या हातात कशा?"

मुद्देमालासह सापडलेला इसम तिथे एकच होता. पोरीची नोकरी, जावयाचे कागद, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. मी बादल्या हळूच खाली ठेवल्या.

त्या घबराटीत मला सातबारा आठवला. जमिनीच्या भांडणात आम्ही पोलीस मालकाचं नाव वाचतो आणि समोरच्याला हुसकावतो. त्याच उताऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. कुळाचा, वाटेचा, विहिरीच्या पाण्याचा. तो वाचायला आम्हाला सवड नसते. हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत अधिकाऱ्याला सांगितलं. म्हटलं, यांचा हक्क त्या रकान्यातला आहे, तो मी वाचला नाही.

तो म्हणाला, "उलटं आहे. आमचा रकाना पहिला. इतर हक्क त्या घरमालकाचा."

मग त्यानं आजीबाईंना विचारलं, "तक्रार द्यायची आहे?"

"आधी तिसऱ्या," त्या म्हणाल्या. "तक्रार भरती आल्यावर."

आमची ही केव्हाच ओढणी खोचून वाळूत उतरली होती. जावई आणि मीही खणायला बसलो. माझ्या दोन-तीन तिसऱ्या फुटल्यावर भाचीनं माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि मला खड्डे बुजवायला लावलं. ज्याला मी कलम लावलं होतं, तेच काम. "उघडे राहिले तर शेजारच्या बारक्या मरतात," ती म्हणाली. हा त्यांचा नियम तहाच्याही आधीचा. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. एक बादली भरली. दुसरी अर्ध्यावर असताना वाळू दिसेनाशी झाली. माझ्या चौकशीत किती वेळ गेला, ते त्या अर्ध्या बादलीत स्वच्छ दिसत होतं.

नोकरीत असताना हे शिकलो असतो तर सरकारचाही फायदा झाला असता. आता कुठलीही मोकळी जमीन दिसली, की मालक कोण हे विचारून मी थांबत नाही; इथे आणखी कोणाचं काय आहे, तेही विचारतो. लोक कंटाळतात.

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं. आजीबाईंनी बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तक्रार नको," त्या म्हणाल्या, आणि आमच्या हिच्याकडे वळल्या. "उद्या सगळे जेवायला या. कमी पडलं तर कुणाला वाढायचं नाही, ते मी ठरवलंय."