लाल शाईतली आई

जालिंदर होवाळला राग आला की तो गप्प व्हायचा आणि त्याचे हात भराभर चालायला लागायचे. त्या दिवशी मात्र त्याचे हातच थांबले.

१९७४ सालचा सप्टेंबर होता. सांगलीतल्या लालासाहेबांच्या छापखान्यात दिवाळी अंकाची घाई चालली होती. जालिंदर तिथं नऊ वर्षं कंपोझिटर होता. शिक्षण सातवी. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक वेचून त्यानं लग्नपत्रिका जुळवल्या, साखर कारखान्यांचे अहवाल जुळवले, प्राध्यापक मंडळींच्या कविता जुळवल्या. दुसऱ्यांचं लिहिणं उलट्या अक्षरांत वाचता वाचता त्याला वाटायला लागलं होतं, यांत आपल्या घरातलं माणूस कधी बोलतच नाही. म्हणून त्यानं स्वतः एक कथा लिहिली होती, आपल्या आईची.

बनुबाई, त्याची आई, इस्लामपूरजवळच्या गावात राहायची. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. एक दिवस मुकादम हंबीररावानं तिच्या खडीच्या ढिगाला लाथ घालून पाय तिथंच रोवला, आणि हातोडा हातात घेऊन ती त्याच्यापुढं उभी राहिली. कथा एवढीच. अंकाचे संपादक प्राध्यापक घैसास यांनी ती घेतलीसुद्धा. जालिंदरनं आनंदानं सगळ्या छापखान्याला भजी खाऊ घातली होती.

आणि आज तीच कथा जुळवणीसाठी त्याच्यापुढं आली होती, लाल शाईनं रंगून.

‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, ‘न्हाई’चं ‘नाही’. तेवढंही त्यानं गिळलं असतं. पण ज्या ओळीसाठी त्यानं कथा लिहिली, तीच खोडलेली होती. त्याची आई म्हणाली होती, “पाय काढा, मुकादम. ढीग माझा हाय.” त्या जागी घैसासांनी लिहिलं होतं, “‘मुकादम, गरिबावर दया करा,’ असे म्हणून तिने पदराने डोळे टिपले.” आणि कथेखाली जालिंदर होवाळ हे नाव कापून ‘जयंत’ असं टोपणनाव दिलं होतं.

जालिंदरचं डोकं सणसणलं. दया करा? त्या बाईनं नवरा गेला तेव्हासुद्धा चार माणसांत डोळ्याला पदर लावला नव्हता. आणि हा जयंत कोण?

त्यानं लाल शाईचा कागद पालथा घातला. कथा त्याला तोंडपाठ होती. मूळ होती तशी त्यानं ती खिळ्यांत जुळवली. ‘न्हाई’साठी अर्धा ‘न’ खिळ्यांच्या केसमधून पुन्हा पुन्हा वेचावा लागत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला बरं वाटत होतं. शेवटी आपलं पूर्ण नाव त्यानं ठळक टाइपात घातलं.

तिसऱ्या दिवशी घैसास प्रूफ हातात फडकवतच छापखान्यात आले.

“लालासाहेब, तुमचा कंपोझिटर संपादक कधीपासून झाला?”

लालासाहेब गडबडले. “जालिंदर, काय केलंस रं हे?”

“मालक, लिहिलं तसं जुळवलं.”

“अहो होवाळ,” घैसास समजुतीच्या सुरात म्हणाले, “मी तुमची कथा सुधारली. वाचकाला तुमच्या आईची कणव यायला हवी. ती अशी अरेरावी करायला लागली, तर वाचक कुणाच्या बाजूनं उभा राहील?”

“कणव कुणी मागितली?” जालिंदरचा आवाज चढला. मागं चालू असलेलं यंत्र कुणीतरी बंद केलं. “माझी आई रडली न्हाई, सर. तुमी तिला रडवलंत. हंबीररावाला जे जमलं न्हाई, ते तुमी इथं खुर्चीत बसून केलंत. आनि माझं नाव का कापलंत, ते सांगा आदी.”

“टोपणनावानं लेखक सर्वांचा होतो.”

“होवाळ म्हनलं की कुनाचा होतो?”

घैसासांनी प्रूफ टेबलावर टाकलं. “कथा काढून टाका,” एवढं लालासाहेबांना सांगून ते निघून गेले. लालासाहेबांनी जालिंदरला कामावरून काढलं नाही, पण त्याची बाजूही घेतली नाही. मोकळ्या झालेल्या पानांवर केशतेलाची जाहिरात आली. ती जालिंदरलाच जुळवायला लागली.

रविवारी एसटी पकडून तो गावी गेला. बनुबाई दारात बसून शेंगा फोडत होती. त्यानं घडलं ते सगळं सांगितलं आणि रागारागातच आपली मूळ कथा वाचून दाखवली. आई भरल्या डोळ्यांनी ऐकेल, पाठीवर हात ठेवील, असं त्याला वाटत होतं.

बनुबाईनं शेंगा बाजूला सारल्या. “म्या असं म्हनलेच न्हवते.”

“म्हंजे?”

“‘काढा’ कुटं म्हनले म्या? ‘पाय काढ, हंब्या’ म्हनले. समद्या रस्त्यानं ऐकलं. त्याला आवं-जावं घालतीया व्हय मी? तू भ्यालास का रं?”

जालिंदरला चपराक बसल्यासारखं झालं. तो ‘काढा’ काही घैसासांच्या लाल शाईतून आला नव्हता. तो त्यानं स्वतःच लिहिला होता, छापायला शोभेल म्हणून. नऊ वर्षं ज्यांचे शब्द जुळवले, ते केव्हाच त्याच्या हातात येऊन बसले होते. आता राग कुणावर काढायचा? घैसासांवरचा कमी झाला नव्हताच, त्यात स्वतःवरचा मिसळला. तिथंच उंबऱ्यावर बसून त्यानं पेन काढलं.

“आये, पयल्यापासनं सांग. एक बी शबुद गाळू नगंस.”

“त्यात शिव्या बी हायत्या.”

“सांग.”

ती कथा पुढच्या वर्षी कराडच्या काही पोरांनी चालवलेल्या एका लहानशा अंकात आली, शिव्यांसकट आणि पूर्ण नावासकट. गावात ती मोठ्यानं वाचली गेली. हंबीररावाच्या भावकीतली दोन माणसं बनुबाईच्या दारात भांडायला आली. “खोटं काय लिवलंय ते दावा,” असं म्हणून ती चुलीकडं वळली. त्यांना काही दाखवता आलं नाही.

सत्त्याहत्तरात जालिंदरला घैसासांचं कार्ड आलं. ‘ग्रामीण बोलीचा गोडवा’ या विषयावर त्यांच्या कॉलेजात बोलायला यावं, अशी विनंती होती. त्यानं चार पानी उत्तर लिहिलं आणि फाडलं. मग एका कार्डावर लिहिलं, “मी येणार नाही. — जालिंदर बनुबाई होवाळ.” कामावर जाता जाता ते पेटीत टाकलं.